आधी ऐकू दे

कावळा काही शिवेना.

पिंड मांडून सगळे मागं सरकले, त्यालाही आता बराच वेळ झाला होता. घाटावरच्या उंबरावर कावळे होते की, चांगले ढीगभर! माना वाकड्या करून भाताकडं बघत होते, पण जागचा एक हलेल तर शपथ. ओल्या धोतरात, नुकत्याच भादरलेल्या डोक्यानं केरबा हात जोडून उभा होता. त्याचा एकुलता एक पोरगा साईराज हायवेवर ट्रकखाली गेला, त्याचा आज दहावा.

"कायतरी इच्छा राहिलीया पोराची," केरबाचा चुलतभाऊ सयाजी म्हणाला. हा माणूस गावातल्या प्रत्येक दहाव्याला सगळ्यांच्या पुढं. त्यानं उंबराकडं बघून हाळी दिली, "साईराज, बाळा, राजनंदिनीचं लगीन धुमधडाक्यात करतो बघ!"

"माझ्या लग्नाचं त्याला काय पडलं हुतं?" बहीण राजनंदिनी रडता रडता चिडली.

मग मामा पुढं झाला. "नव्या बंगल्याला तुझंच नाव देतो रं!" कावळ्यांना बंगल्याचंही कौतुक नव्हतं.

भटजींनी उन्हाकडं बघितलं. "फार ताटकळू नका. दर्भाचा कावळा करून शिववू या."

केरबाला ते पटेना. दर्भाच्या कावळ्यानं भटजी मोकळे होतील, पाहुणे जेवायला मोकळे होतील. आपल्याला मात्र हे जन्मभर खात राहणार, की पोराला काय पाहिजे होतं आणि आपण कधी विचारलं का नाही. फौजेत उभी हयात काढलेला माणूस, पण असा भेदरला कधी नव्हता.

वरच्या पायरीवर मिरजेचा तारिक उभा होता. साईराजच्या बँडमध्ये तो ड्रम वाजवायचा. इथं आपण पुढं यावं का न यावं, हे न कळून चप्पल हातात घेऊन मघापासून तसाच थांबला होता. शेवटी त्याला राहवेना.

"काका, अल्बम राहिलाय त्याचा. 'गाळ' नाव हाय. सगळा वाजवून झालाय, फक्त लोकांपुढं आणायचा राहिलाय. सारखा तेच बोलायचा."

"अरं मग बोल की केरबा!" सयाजी खेकसला. "अल्बम काढतो म्हण. बापानंच म्हणायला पायजे."

केरबा गोंधळून गेला. "भक्तिगीतं हायती?"

"न्हाई काका. मेटल. म्हंजे... उदास असतंय. संथ संथ चालतंय आन् मधीच लय जोरात येतंय."

"म्हण रं पटकन, काय का असंना!"

"ज्यातलं मला कायबी कळत न्हाई, त्याचा शब्द कसा देऊ?" केरबा म्हणाला. "आन् तोबी माझ्या पोराला? आधी ऐकू दे."

तारिकनं मोबाइलवर लावलं. सुरुवातीला नुसती गिटार, हळू, थांबत थांबत. मामानं तर मानही डोलवली. मग ड्रम आले, आणि त्यामागून पोटाच्या तळातून एक आवाज असा फुटला की उंबरावरचे झाडून सगळे कावळे भर्रकन उडाले. फांदीवर एक राहिला नाही.

"बंद कर ते!" सयाजीनं कपाळावर हात मारला. "पार वाटोळं केलंस!"

तारिक शरमेनं अर्धा झाला. त्यानं घाईनं बंद केलं, तोवर केरबानं त्याचं मनगट धरलं.

"कोन वरडतंय ह्यो?"

"साईराज."

"कुनावर?"

"कुनावर न्हाई काका. गाण्यात असतंच तसं."

"माझ्यावर?"

"न्हाई," तारिक म्हणाला, पण जरा उशिरा म्हणाला.

केरबा पायरीवर बसला. "लाव पहिल्यापासनं." तारिकनं खिशातले इअरफोन काढून त्याच्या कानात घातले, आणि पिंडाकडं पाठ, नदीकडं तोंड करून केरबा ऐकू लागला. बंद दारावर थापा मारून 'कमी कर' म्हणणं, एवढीच त्याची या आवाजाशी आजवरची ओळख. आता कपाळाला आठ्या घालून, एकेक सूर पारखून घ्यावा तसा ऐकत होता. त्याला हटकायची कुणाची छाती झाली नाही. भटजी गुपचूप दर्भाला गाठी मारायला लागले.

एकेक करत कावळे परत आले. त्यातला एक खाली उतरला, दोन उड्या मारल्या आणि सरळ भातात चोच घातली.

"शिवला! शिवला!"

घाटावर सगळ्यांनी श्वास सोडला. "लगीनच हुतं बघा पोराच्या मनात," सयाजी म्हणाला.

"कसलं लगीन!" मामा म्हणाला. "बंगल्याचं नाव काढलं, तवाच चुळबुळ सुरू झालती त्यांची."

राजनंदिनीनं बापाच्या खांद्याला हात लावला. "आप्पा, शिवला कावळा. उठा."

केरबानं एक इअरफोन काढला. विस्कटलेल्या भाताकडं बघितलं, माणसांकडं बघितलं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तोंडावर नुसता गोंधळ होता.

"तारिक, मला कायबी कळलं न्हाई रं," तो म्हणाला. "परत लाव."