अंतरपाट

"मागच्या दारी दिराशी काय बोलत होतीस?" द्वारकाबाईंनी विचारलं. त्या चालवत असलेल्या विधवांच्या आश्रमात मथुरा नुकतीच आली होती आणि आल्यापासून एकच चौकशी करत होती, आश्रमातल्या एका मुलीचा उद्याचा पुनर्विवाह कुठे होणार?

"मुलाची खुशाली विचारत होते," मथुरा खाली बघत म्हणाली. बाईंचा संशय बळावला. लग्न आश्रमातच लागायचं होतं, पण त्यांनी मुद्दाम सांगितलं, "रामाच्या देवळात."

सकाळी त्यांनी गड्याला देवळाकडे पाठवलं. तो सांगत आला, तिथे चिटपाखरू नव्हतं. लाठ्या घेतलेला जमाव नदीपलीकडच्या मठापाशी जमला होता आणि मथुरेचा दीर सगळ्यांच्या पुढे होता.

बाईंनी मथुरेला गाठलं. "मठ कोणी सांगितला त्यांना?"

"मीच. ठिकाण सांगितलं नाहीस तर पोराचं तोंड दिसणार नाही, म्हणाले. देवळाचं नाव ओठांवर आलं होतं, पण त्या पोरीचं लग्न मोडायला जीव धजेना." तिला रडू फुटलं. "आता मुलगा गेला माझा."

"त्याच्यासाठी आपण कोर्टाची पायरी चढू," बाई म्हणाल्या आणि तिला हाताला धरून मांडवात घेऊन गेल्या. आलवणातल्या मथुरेच्या हाती अंतरपाटाचं टोक देऊन त्या भटजींना म्हणाल्या, "म्हणा मंगलाष्टकं."