वस्तादांचा खांदेकरी

तातोबा वस्तादांची तिरडी उचलायला त्यांचा मुलगा रणधीर पुढे झाला. इंजेक्शनांनी वाढवलेले त्याचे दंड सदऱ्यात मावत नव्हते. गावातल्या सगळ्याच तरुणांनी ती घेतली होती. तालमीत आता कुणी फिरकत नसे.

"नुसतं अंग भरून जोर येत नाही रे. तो कमवावा लागतो," वस्ताद शेवटपर्यंत सांगायचे. रणधीर हसायचा.

विसाव्याची जागा यायच्या आधीच त्याचा खांदा थरथरू लागला. इतर तिघांचीही तीच गत. तिरडी खाली टेकवावी लागली.

"ट्रॅक्टर आणा," कुणीतरी हळूच म्हणालं.

ट्रॉली हलली तेव्हा रणधीरनं वडिलांचे पाय मांडीवर घेतले. तेवढंच वजन त्याला पेलत होतं.