केवळाबाईंची कडी

लातूरमध्ये एका कोचिंग क्लासच्या वरच्या खोलीत आमचा गट दर गुरुवारी दुपारी जमतो. जुनं सामान टाकवत नाही अशी आम्ही सहा हट्टी माणसं. नियम एकच: घरातली एक वस्तू आणायची, मधल्या खोक्यात टाकायची आणि पंधरा मिनिटं तिला हात लावायचा नाही. मुलाच्या बारावीच्या नोट्स मी अशाच सोडल्या, दात आवळून.

त्या दिवशी केवळाबाईंनी दाराची लोखंडी कडी आणली. भूकंपात पडलेल्या त्यांच्या घराची. त्या पहाटे त्या औशाला माहेरी होत्या; घरातली बाकीची चौघं आतून कडी लावून झोपली होती, ती बाहेर आलीच नाहीत.

"आज सोडणारच," म्हणत त्यांनी ती खोक्यात टाकली.

पाचव्या मिनिटाला खोक्यात कडी वाजली. दारावर कुणी हलकेच वाजवावी तशी.

आमच्या समुपदेशक भार्गवी मॅडम दचकून उठल्या. "मावशी, घरीही वाजते?"

"रोज वाजती. हातात घेतली की गप बसती. म्हून तर ठेवली." केवळाबाईंनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. "बसा मॅडम. आज न्हाई उचलायची."

कडी जोरात वाजू लागली. खोकं हललं. केवळाबाईंना घाम फुटला, पण हात निघाले नाहीत. पंधरा मिनिटं भरली तेव्हा त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "या आता. उघडंच हाय."

कडी थांबली.

खाली क्लासला सुट्टी होती, जिना रिकामा होता. तरी आमच्या दाराबाहेर कुणीतरी चपला काढल्या. पाठोपाठ आणखी तिघांनी.