आजचा दर

“आज किती?” पेंटरनं डोळे न उघडताच विचारलं.

बायको खिडकीशी गेली. रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपावर लाल आकडे लुकलुकत होते. कालच्यापेक्षा पुन्हा वर.

“कालचाच आहे,” ती म्हणाली.

“चला, चढला तरी नाही.” त्यानं कूस बदलली. पलंगावरून त्याला पंप दिसत नसे, हे एका परीनं बरंच होतं.

त्या फलकाशी पेंटरची जुनी ओळख. तरुणपणी पेट्रोलचा दर वर्षाकाठी एखाद्या वेळी बदलायचा. पंपाच्या मालकाचा निरोप आला की पेंटर शिडी खांद्यावर टाकून रस्ता ओलांडायचा, जुना आकडा खरवडायचा आणि ऑइलपेंटनं नवा काढायचा. त्याच्या आठाचं पोट असं गोलमटोल, की लोक म्हणत, दर वाढला खरा, पण दिसतोय देखणा! पुढं रंग वाळायच्या आत नवा दर येऊ लागला. मग त्यानं अडकवायला पत्र्याच्या पाट्या रंगवून दिल्या. शेवटी दिव्यांचा फलक आला, आकडे आपोआप बदलू लागले आणि शिडी माळ्यावर गेली.

त्याचं पेंटरला फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते मुलाचं.

मुलगा दुसऱ्या शहरात, गाडीनं तीन तासांवर. नवी नोकरी, नवी गाडी होती तेव्हा दर रविवारी यायचा. हॉर्न कोपऱ्यापासूनच वाजायला लागायचा. मग एकदा म्हणाला, “बाबा, पेट्रोल कुठं चाललंय, बघताय ना?” बाबा बघत होतेच. रविवारचं येणं महिन्यावर गेलं, महिन्याचं वर्षावर, आणि गेली दोन वर्षं नुसता फोन.

“बसनं का येत नाही?” बायकोनं एकदा विचारलं होतं.

“सुनेला बस लागते, माहीत आहे ना तुला? आणि पोरं घेऊन दोनदा बस बदलायची?” पेंटर चिडला. “त्याचा काय दोष? संसार आहे त्याला. खरा चोर तो फलक आहे.”

शेजारची नर्स रोज इंजेक्शन द्यायला यायची. मुलीसारखीच होती घरात. एकदा सुई काढता काढता ती बोलून गेली, “काका, माझ्या स्कूटरलाही पेट्रोलच लागतं. मी जातेच ना आईकडे?”

“इंजेक्शन द्यायला आलीस ना? तेवढं दे,” पेंटरची बायको म्हणाली.

त्या दिवसापासून नर्स कामापुरतंच बोलू लागली. चहाला थांबेना. पेंटरच्या बायकोला ते लागलं, पण तिनं माघार घेतली नाही.

थंडी वाढली तसा पेंटरचा दम उखडू लागला. डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून सांगितलं, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. तिनं मुलाला फोन लावला.

“पुढच्या आठवड्यात जमवतो, आई. हल्ली निघायचं म्हटलं की पेट्रोलच्या नुसत्या विचारानंच घाम फुटतो बघ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटरनं विचारलं, “आज किती?”

ती खिडकीशी गेली. फलकाकडे तिनं पाहिलंही नाही.

“उतरलाय.”

“खरं?”

“बराच उतरलाय.”

मग रोज तिनं दर थोडाथोडा खाली आणला. पेंटरच्या चेहऱ्यावर रंग चढू लागला. “निवडणूक जवळ आली वाटतं,” तो म्हणाला आणि हसता हसता खोकला. दर असा खाली खाली येत त्या काळापर्यंत पोचला, जेव्हा मुलगा महिन्याच्या महिन्याला यायचा.

“आता तो येणार बघ,” पेंटर म्हणाला. “दाढी करून दे माझी. शर्ट काढ, तो निळा.”

तिनं दाढी करून दिली. निळ्या शर्टाची गळ्याची गुंडीसुद्धा त्यानं लावून घेतली. उशा रचून तो दाराकडे तोंड करून बसला. दुपारी ती पाणी घेऊन आली, तेव्हा तो तसाच बसलेला होता. फक्त वाट बघायचा थांबला होता.

मुलगा संध्याकाळी आला. गाडी कधी आली ते कुणाला ऐकूही आलं नाही. एकदम दारातच उभा. वडिलांच्या पायाशी बसून तो लहान पोरासारखा रडला. रडणं खोटं नव्हतं.

सकाळी सगळं उरकून माणसं घरी परतली. पेंटरचा एक जुना दोस्त मुलाला म्हणाला, “एकदा तरी यायचं होतंस रे. डोळे लावून बसला होता.”

पेंटरची बायको ताडकन उठली. मुलगा आणि त्या माणसाच्या मधे जाऊन उभी राहिली.

“त्याला कुणी काही बोलायचं नाही. पेट्रोल कुठं जाऊन पोचलंय, बघा जरा. तीन तासांचा रस्ता आहे. काळजाला घरं पडत असतील त्याच्या, पण करणार काय?”

मुलानं मान खाली घातली. नर्स भिंतीला टेकून उभी होती. ती आत गेली आणि सगळ्यांसाठी पाणी घेऊन आली.

हळूहळू माणसं पांगली. घरात तिघंच उरली. मुलानं तोंड धुतलं, घड्याळ पाहिलं, खिडकीतून खाली एक नजर टाकली.

“आई, मला संध्याकाळी निघावं लागेल. उद्या ऑफिस चुकवता येणार नाही.”

“बरं बाळा. सांभाळून जा.”

तो खोलीभर काहीतरी शोधत फिरला. कपाटाच्या मागं वाकून पाहिलं, पलंगाच्या कडेला पाहिलं.

“जिन्याखाली प्लग आहे का गं एखादा? गाडी चार्जिंगला लावली असती तेवढ्यात. दोन वर्षं झाली घेऊन, पण लांब जायचं म्हटलं की एवढी एकच कटकट. बाकी खर्च म्हणशील, तर काहीच नाही.”