उगारलेला हात

मोजा टोचतो म्हणून सहा वर्षांच्या जुईने आधी डबा भिरकावला, मग आईच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. खाली शाळेची व्हॅन हॉर्न वाजवत होती. ऋतुजाचा हात उठला. पण आता मारायचं नाही, असं तिने जुईच्या डॉक्टरांजवळ कबूल केलं होतं. मूठ आवळून ती बाथरूममध्ये शिरली आणि तिने आतून कडी लावली.

जुई दारावर लाथा मारत राहिली. खालून व्हॅनवाल्याने हाक दिली, "ताई, येऊन राहिली का पोरगी?" आणि वाट पाहून तो निघून गेला. मग लाथाही एकाएकी थांबल्या. ती शांतता ऋतुजाला सहन होईना. काय करून घेतलं पोरीने? तिने घाईघाईने दार उघडलं.

जुई दाराशीच बसली होती आणि स्वतःच्या गालांवर चापटा मारत होती. गाल लालबुंद झाले होते.

ऋतुजाने तिचे दोन्ही हात धरले. "काहून मारून राहिली वं स्वतःले?"

जुईने हुंदका गिळला.

"तू आज मारलंच नाही. मारल्यावर तू मले जवळ घेते नं."