उड्डाणपुलाचा चढ

"मॅडम, गाडीत काहीच दोष नाही. तुम्ही ॲक्सिलरेटर नीट दाबत नाही," सर्व्हिस सेंटरचा मॅनेजर पुन्हा तेच म्हणाला, तेव्हा हेमलताचं डोकंच फिरलं. डावा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला, म्हणून तिने ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. आणि नेमकी चढावर ती गिअरच बदलत नव्हती.

"उठा! तुम्हीच चालवा." किल्ली टेबलावर आपटून ती गाडीत शेजारच्या सीटवर बसायला निघाली.

उड्डाणपुलाच्या चढावर इंजिन नुसतं बोंबललं आणि गाडी मागे घसरू लागली. मागून ट्रक हॉर्न वाजवत आला. मॅनेजरने घाबरून हँडब्रेक ओढला. "मॅडम, पळा!"

"मला पळता येत नाही!" ती कडाडली. "आणि इथे मी रोज एकटी असते."

मॅनेजर खाली उतरला, ट्रकपुढे हात पसरून उभा राहिला आणि तिथूनच फोनवर ओरडला, "क्रेन पाठवा! गिअरबॉक्स खराब आहे!"