जुन्या घराला शोभेल अशी खोली

"खिडकी आणखी वर घ्या," मालक म्हणाले. "माणसाचा हात पोचायला नको."

आर्किटेक्टने नकाशावरची रेघ खोडून वर ओढली. घराच्या मागच्या अंगाला एक खोली वाढवायची होती. घर शंभरी ओलांडलेलं, आणि मालकांची अट एकच, पण जाचक: खोली आज बांधलेली वाटता कामा नये. जुन्या घराला नवा भाग जोडताना आधी त्याचा स्वभाव ओळखावा, असं ती व्याख्यानांतून सांगत आली होती. घरातल्या माणसांच्या स्वभावाविषयी त्या व्याख्यानांत अवाक्षर नव्हतं.

नव्या कामाची पारख करण्याची मालकांची रीत विलक्षण होती. ते डोळे मिटून भिंतीवरून बोटं फिरवत. "इथला गिलावा गुळगुळीत झालाय. पलीकडे खरबरीत आहे. खरवडा." जन्म याच घरात गेलेला; बोटं म्हणतील ती पूर्व दिशा.

भिंती मात्र जुन्यांहून जाड हव्या होत्या. "आवाज बाहेर जायला नको," हे सांगितलं ते त्यांच्या पत्नीने, खालमानेने, पढवलेल्या पोपटासारखं. काकू ऐन उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या घालत. चहाचा कप ठेवताना बाही सरकली आणि बोटांचे जांभळे वळ दिसले. काकूंनी बाही ओढून घेतली, आर्किटेक्टने नजर. सुशिक्षित माणसं दुसऱ्याच्या घरात नाक खुपसत नाहीत. सभ्यतेची व्याख्याच तशी सोयीची करून ठेवलेली आहे.

मग दाराचा विषय निघाला. त्या घराच्या प्रत्येक दारावर आतल्या बाजूने एक लाकडी फूल कोरलेलं होतं. फूल मुठीत धरून फिरवलं की पलीकडची खिटी उचलली जाई.

"नव्या दारालाही तेच फूल हवं," मालक म्हणाले, "पण नुसतं दिसायला. फिरता कामा नये. खिटी बाहेरून लावायची, बाहेरूनच काढायची."

"आणि आत माणूस असेल तर?"

"त्याने गुमान झोपायचं." मालक हसले. काकू हसल्या नाहीत.

त्या रात्री आर्किटेक्टने नकाशा पुन्हा उलगडून पाहिला. आपण खोली नव्हे, कोठडी आखतो आहोत. आणि तीही अभिरुचिसंपन्न.

एकदा काम पाहता पाहता दिवस मावळला. ती वाकून उंबऱ्याचं माप घेत असताना कुणीतरी तिचं मनगट पकडलं. मालक होते. चेहरा तोच, डोळे मात्र थंडगार.

"माझ्या घरात या वेळी काय करतेस?"

दिवसभर 'मॅडम, मॅडम' करणारा माणूस. पकड सैल होईना. काकू धावत आल्या. "अहो, सोडा तिला. जातेच आहे ती." त्यांनी तिला जवळजवळ ढकलतच फाटकापर्यंत नेलं.

"काकू, माझ्याबरोबर चला. आत्ता."

"मी कुठे जाऊ? तू ती खोली तेवढी लवकर संपव."

"तुम्हाला हवी आहे ती खोली?"

"हवं-नकोचे दिवस गेले, पोरी. आणि उद्यापासून ऊन असतानाच येत जा."

तक्रार कुणाकडे करायची? संशयाला पुरावा लागतो, आणि पुरावा बाहीखाली झाकलेला. रात्रभर तळमळून सकाळी ती सुताराकडे गेली.

"फूल फिरतं ठेवा."

"मालक तर म्हणाले, मुकं ठेव."

"दिसायला मुकंच. पण फिरवलं की खिटी उचलली पाहिजे, बाकीच्या दारांसारखीच. आणि हे कुणाला कळता कामा नये."

"माझ्या तोंडाला खिळा ठोकला समजा. काकूंना तरी सांगाल ना?"

"नको." घाबरलेल्या माणसाच्या पोटात गुपित टिकत नाही. शिवाय ज्या हाताने वर्षानुवर्षं ही फुलं फिरवली, त्याला शिकवण्याची गरज नव्हती. अंधारात तो आपसूक तिकडेच जाणार होता.

खोली पुरी झाली. मालक डोळे मिटून जुन्या घरातून नव्या खोलीत चालत गेले. नव्या-जुन्याचा सांधा त्यांच्या बोटांना सापडला नाही. मग त्यांचा हात दारावरच्या फुलाकडे वळला, आणि ती चटकन पुढे झाली.

"पॉलिश ओलं आहे, काका. हात नका लावू."

हात थांबला. "शाबास," ते म्हणाले. "इथेच होती म्हणावं ही खोली, पहिल्यापासून."

ती दुपारच्या गाडीने आपल्या शहराकडे निघाली. दिवेलागणीला फोन वाजला.

"कुठवर पोचलीस गं?" काकूंचा आवाज ओळखू येईना, इतका मोकळा होता. "म्हटलं, तुला सांगावं. आज आतच झोपायला गेलेत. उशी घेऊन, आपणहून. मलाच म्हणाले, अंधार पडायच्या आत खिटी लाव."

"कोण?"

"हेच की. स्वतःसाठीच तर बांधवून घेतली खोली. दिवे लागले की ह्यांना मी ओळखू येत नाही गं. चोर शिरलाय समजून धरतात. मागल्या खेपेला गळाच धरला. सकाळी काही आठवत नाही. माझे हात बघतात आणि लहान मुलासारखे रडतात. डॉक्टर म्हणाले, हे दुखणं वाढतच जाणार. घर सोडायचं नाही आणि बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, एवढा एकच हट्ट. तू वळ पाहिलेस, तरी एका शब्दाने विचारलं नाहीस. उपकार झाले बघ."

"काकू, माझं ऐका. आधी तिथून उठा, आणि—"

"थांब हं, जागे झालेत वाटतं. आतून दारावर हात फिरवतायत. फिरवू देत. मी इथेच बसलेय, दाराकडे पाठ करून. कितीतरी दिवसांनी अशी निवांत झोप येतेय बघ."